आरोग्यमंत्री साहेब, ज्यांचा व्हायरल लोड दबलाय त्यांचं औषध अजून सोपं करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
नमस्कार साहेब.

मी सोलापूरची. मला एचआयव्ही आहे, बरीच वर्षं एआरटी (म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी रोजची औषधं) चालू आहे आणि व्हायरल लोड (म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) कधीचा दबलेला आहे. नाव लिहीत नाही, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तो हक्क मला दिलाय.

आधी चांगलं ते सांगते. १ एप्रिल २००४ ला सरकारने फुकट एआरटी सुरू केली, नाहीतर आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईने आणि टॉवेलच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या माणसाने कुठून आणायचं होतं एवढं महाग औषध? सुरुवातीला स्टॅव्हुडिनच्या गोळ्या असायच्या, सकाळ-संध्याकाळ, पायाला मुंग्या यायच्या, गाल आत जायचे, नुसत्या चेहऱ्यावरून लोक ओळखायचे. मग इफाव्हिरेन्झ आली, ती घेतली की चक्कर आणि रात्रभर भलतीसलती स्वप्नं. आता टीएलडी, दिवसाला एकच गोळी आणि बहुतेकांना काही त्रास नाही. म्हणजे औषध सोपं केलं की लोक टिकतात हे सरकारनेच करून दाखवलंय, मी फक्त पुढची पायरी मागतेय.

टीएलडीच्या त्या एका गोळीत तीन औषधं असतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. यातलं टेनोफोव्हिर वर्षानुवर्षं घेतलं की काहींच्या किडनीवर आणि हाडांवर परिणाम होतो. आमच्यातली पहिली माणसं आता पन्नाशी-साठीची झालीत, कुणाला शुगर, कुणाला बीपी, रक्ताच्या टेस्टमध्ये क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी थकतेय असं दिसलं, की धडकी भरते. मग टेनोफोव्हिर काढून बऱ्याचदा अबाकाव्हिर देतात, पण त्याचा हार्टच्या त्रासाशी संबंध अभ्यासांत दिसलाय, आणि औषधं तीनची तीनच राहतात.

आता ज्यांचा व्हायरस दबलेला आहे त्यांच्यासाठी डोल्युटेग्राव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोनच औषधं पुरतात हे जगात तपासून झालंय. टँगो नावाच्या अभ्यासात सातशेच्या वर लोक होते, काहींना दोन औषधांवर आणलं, काहींना जुनंच चालू ठेवलं, आणि व्हायरस दाबून ठेवण्यात दोन औषधं कुठं कमी पडली नाहीत. अमेरिकेने दोघांची मिळून एक गोळी २०१९ मध्ये नव्या पेशंटसाठी आणि २०२० मध्ये औषध बदलणाऱ्यांसाठी मंजूर केली. ही काही परग्रहावरची औषधं नाहीत साहेब, आमच्या टीएलडीच्या डबीतच आहेत आणि आपल्याच देशातल्या कंपन्या बनवतात.

हे सगळ्यांना सरसकट द्या असं मी म्हणत नाही, तसं केलं तर उलट नुकसान होईल. ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्याचं टेनोफोव्हिर काढायचं नाही, कारण तेच त्या कावीळीलाही दाबून ठेवतं आणि काढलं तर लिव्हर बिघडू शकतं. टीबीची रिफॅम्पिसिन चालू असेल तर नाही. आणि आमच्यासारखे जुने लोक, ज्यांनी पूर्वी डोस चुकवलेत किंवा ज्यांचं औषध एकदा फेल गेलंय, त्यांच्यात लॅमिव्हुडिनला न जुमानणारा व्हायरस लपून बसलेला असू शकतो, ते डॉक्टरनेच जुनी फाईल बघून ठरवावं. म्हणून आधी हिपॅटायटिस बीची टेस्ट प्रत्येकाची झाली पाहिजे आणि व्हायरल लोड वेळच्या वेळी, रिपोर्टसाठी परत फेरी न मारायला लावता. औषधं कुठली द्यायची ते दिल्लीत नॅको, म्हणजे केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था, ठरवते हे मला माहीत आहे, पण महाराष्ट्राने लेखी मागणी केली तर तिला वजन राहील, निदान किडनी-हाडांचा त्रास असलेल्यांपासून तरी सुरुवात करा म्हणावं.

दुसरं, फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगतेय की तब्येत स्थिर असलेल्यांना तीन ते सहा महिन्यांचं औषध एकदम द्या, जमलं तर सहाच. आपल्याकडं दोन-तीन महिन्यांचं मिळतं, पण स्टॉक कमी असला की एकाच महिन्याचं हातात पडतं, आणि करमाळ्यासारख्या लांबच्या तालुक्यातून एसटीने आलेल्या माणसाची त्यात मजुरी बुडते, वर मुकादमाला दर वेळी कुठला बहाणा सांगायचा? ऊसतोडीच्या सीझनला तर माणूस जिल्ह्यातच नसतो, खाडा तिथंच पडतो.

आता याची दुसरी बाजूपण सांगते. माझ्या ओळखीची एक बाई आहे, डबी घरी आणली की आधी लेबल सोलते, चुलीत घालते, आणि डबी हलवली की खुळखुळते म्हणून आत कापडाची चिंधी कोंबते, कारण सासू शेजारच्याच खोलीत. तिला सहा डब्या एकदम दिल्या तर ठेवायच्या कुठं? तिला महिन्याचंच पाहिजे. म्हणून नियम करताना सक्ती नको, काउन्सिलरने विचारावं, बाई तुम्हाला किती महिन्यांचं झेपतंय, आणि तेवढं द्यावं. लेबल नसलेली, आवाज न होणारी पाकिटं मिळाली तर असे कित्येक प्रश्न तिथंच सुटतील.

गोळीऐवजी दर दोन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शनपण निघालंय, जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये त्याचीही शिफारस केली. ते मी आज मागत नाही, त्यातलं एक औषध फ्रीजमध्येच ठेवावं लागतं आणि आपल्या खेड्यांतली लाईट तुम्हाला माहीतच आहे.

व्हायरल लोड सापडण्याच्या खाली राहिला की शारीरिक संबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. म्हणजे आमची गोळी चुकली नाही तर समोरचापण वाचतो, त्यामुळं यावर केलेला खर्च वाया जाणार नाही.

तर साहेब, येत्या बजेटच्या आधी दोन कामं करा. सहा महिन्यांच्या औषधाचं परिपत्रक काढायला लावा, त्यासोबत तेवढा स्टॉक जिल्ह्याला द्या. आणि दोन औषधांच्या पर्यायासाठी नॅकोला पत्र लिहा, त्याची प्रत राज्यातल्या प्रत्येक एआरटी सेंटरच्या बोर्डावर लावा म्हणजे आम्हाला वाचता येईल.

आपली,
सोलापुरातली एक पेशंट