डोंगरात सापडलेला समुद्र

एडिंबरा, रविवार

तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "डोंगर केवढा उंच?" उंचीचं सोडा. दक्षिण स्कॉटलंडचे हे डोंगर झिजून पार म्हातारे झालेत. पण आहेत कशाचे, ते ऐका.

मॉफट गावापुढे डॉब्ज लिन नावाची घळ आहे. पाऊस चालूच, दोनदा बुटांसकट ओढ्यात उतरले. कडेला काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाचे, पापुद्रे ढासळून पडले होते. एक उचलून तिरपा धरला, तर शिसपेन्सिलीने ओढाव्यात तशा चंदेरी रेघा, आणि रेघेच्या एका बाजूला करवतीसारखे बारीक दाते. हे ग्रॅप्टोलाइट! समुद्रात तरंगणाऱ्या इवल्या जिवांच्या वसाहती. जागा संरक्षित, म्हणून तुकडा होता तिथेच ठेवला.

त्या समुद्राचं नाव आयापेटस. ग्रीक पुराणात हा अ‍ॅटलसचा बाप. अटलांटिकच्या आधीचा समुद्र म्हणून हे नाव. उत्तर काठावर स्कॉटलंड, उत्तर अमेरिकेला चिकटलेला. इंग्लंड पार पैलतीरावर, मध्ये हजारो किलोमीटर पाणी. तळाची प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, उत्तरेकडच्या भूखंडाखाली शिरत गेली. तिच्यावरचा गाळ मात्र खरवडला जाऊन काठाशी थप्पीला थप्पी लागत गेला, तेच हे डोंगर, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी समुद्र मिटला आणि दोन्ही काठ भिडले.

मला खरं कौतुक चार्ल्स लॅपवर्थचं. गॅलाशील्सचा शाळामास्तर! इथले थर प्रचंड जाड आहेत असा तेव्हा समज होता. ग्रॅप्टोलाइटच्या जाती काळाप्रमाणे बदलतात, हे धरून त्याने एकेक पापुद्रा तपासला आणि १८७८ मध्ये दाखवून दिलं, की जाडी खोटी आहे, तेच पातळ थर घड्या पडून, तुटून पुन्हा पुन्हा वर आलेत. असं का झालं, ते सांगणारा प्लेटचा सिद्धांत यायला पुढे नव्वदेक वर्षं लागली.

डोंगरांच्या या पट्ट्याचे भाऊबंद नॉर्वेत आहेत आणि अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियनमध्येही. नंतर अटलांटिक उघडला आणि ताटातूट झाली. स्कॉटलंड-इंग्लंडचा सांधा मात्र टिकला, तोही जवळपास आजच्या सीमेखालीच. इथल्या लोकांना हे सांगताना भारी आनंद होतो.

सोबत फोटो आहे. त्यात रेघा नीट दिसत नाहीत, फोन कितीही तिरपा केलात तरी. दगडच तिरपा धरावा लागतो.

तुमची,
धाकटी