विषय : एक टायर पाहिजे. विकत.

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

तुमच्या कस्टमर केअरशी 26 मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला आणि लिहायला बसलो. गाडी तीन महिन्यांची, चाललेली 2,900 किलोमीटर. टॉप मॉडेलला कोणते अठरा इंची टायर येतात ते मी सांगायची गरज नसावी, तुम्हीच बसवलेत.

वाडीजवळ गाडी कडेला घेताना सळईचा तुकडा पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत घुसला. पंक्चरवाल्यानं बोट फिरवून मिनिटभरात निकाल दिला, "साइडवॉल फाटली साहेब, इथं पॅच नाही चालत. नवाच टाका." चूक सळईची, थोडी माझीही. वॉरंटी मागत नाही, फुकट काही नको. पैसे घ्या आणि टायर द्या, एवढंच 19 दिवसांपासून म्हणून राहिलो आहे.

शोरूम म्हणे टायर कंपनीकडे जा. टायरचा डीलर म्हणे हा माल थेट गाडीच्या कंपनीला जातो, दुकानात येतच नाही. पुन्हा शोरूम, तर "ऑर्डर टाकली आहे". सीताबर्डीतल्या एका दुकानदारानं दुसऱ्या कंपनीचे दोन टायर टाका म्हणून सुचवलं, कारण पुढचे दोन्ही सारखे लागतात. म्हणजे उजवा, ज्याची रबरी मिशी अजून झिजली नाही, तो घरी शोभेला ठेवायचा.

आता आजचा फोन. तुमच्या ताईंनी आधी टायरवरचे आकडे मागितले. दुपारी दोनला, नागपुरात, मे महिन्यात, पार्किंगमध्ये उकिडवा बसून अंगठ्यानं धूळ पुसत मी एकेक आकडा वाचला. तारखेचे चारही वाचले, 4824, म्हणजे 2024 सालचा 48वा आठवडा. ताईंनी दोनदा होल्डवर ठेवलं (तुमची बासरी आता मला पाठ आहे) आणि मग म्हणाल्या,

"सर, हा साइज आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही."

"मॅडम, गाडीवर दिसून राहिला ना."

"सर, टायर आपल्याच गाडीचा आहे ना?"

नाही मॅडम, शेजाऱ्याचा आहे, मला लोकांच्या टायरचे आकडे वाचायचा छंद आहे. हे मी बोललो नाही. बोलायला हवं होतं. मी फक्त "हो" म्हणालो, तर पुढे सल्ला आला, "मग सर, तोपर्यंत स्पेअरवर चालवा." आणि फोन ठेवताच मेसेज, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

त्या स्पेअरबद्दल. तो बारका आहे. त्यावर पिवळ्या स्टिकरवर 80 लिहिलंय, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, आणि तो तात्पुरताच वापरा असं तुमच्याच मॅन्युअलमध्ये छापलंय. त्यावर 19 दिवस झाले. अमरावतीला साळीच्या लग्नाला आम्ही एसटीनं गेलो. नवीन गाडी दारात उभी, आणि आम्ही बसस्टँडवर. सासऱ्यांनी काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

मी पुन्हा सांगतो, फुकट मागत नाही. ज्या टायरवर गाडी विकली तो टायर तुमच्याकडे विकायला नसेल, तर गाडी विकताना सांगायचं होतं. घरातली आधीची गाडीही तुमचीच, अकरा वर्षं वापरली. तिचा टायर कोणत्याही दुकानात मिळायचा. त्या भरवशावर ही घेतली. मूर्खपणा झाला बाप्पा.

आठ दिवसांत टायर आला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तारखांना तुमच्या माणसाला नागपूरला यावं लागेल. येताना टायर घेऊन आला तरी चालेल.

तुमचा ग्राहक,
सध्या साडेतीन टायरांवर,
मानेवाडा, नागपूर