काका, तुमच्या मार्करच्या ठिपक्यासाठी

काका,

फोनवर मला हे बोलता येत नाही आणि तुम्ही पण "बरं बरं, ठेव आता" करून कट करता, म्हणून लिहितोय.

तो एज फाइंडर, म्हणजे मिलिंग मशीनवर जॉबची (ज्यावर काम करायचं त्या तुकड्याची) कड नेमकी कुठे आहे ते शोधायचं साधन, मी घरीच बनवलेला. वर कोलेटमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, धरायची 10 मिमीची शँक (दांडी), खाली पोकळ बॉडी, आत एलआर44 चे दोन बटन सेल आणि लाल एलईडी, मग करंट अडवायला डेलरिन प्लास्टिकची बुश आणि टोकाला 10 मिमीचा पितळी तुकडा एपॉक्सीने चिकटवलेला. टोक जॉबला टेकलं की करंट जॉब, तो धरणारा वाईस, टेबल, मशीनचा मागचा खांब म्हणजे कॉलम, असं करत टूल फिरवणाऱ्या स्पिंडलमधून फिरून येतो आणि लाइट लागतो. पहिल्यांदा लागला तेव्हा मी खोलीत अंधार करून चार-पाचदा बघितला, हसू नका.

पण भोकं चुकायची. टेकल्यावर अर्धा व्यास म्हणजे 5 मिमी पुढे गेलं की स्पिंडलचा मध्य बरोबर कडेवर, एवढंच तर गणित, तरी दोन प्लेट एकमेकींवर ठेवल्या की दोन्हींच्या भोकांतून जाणाऱ्या डॉवेल पिना काही बसायच्या नाहीत. चूक एकाच बाजूला असती तरी कळलं असतं, ही कधी डावीकडे कधी उजवीकडे. एक जण म्हणाला बॅकलॅश, म्हणजे टेबलच्या स्क्रूमधला ढिलेपणा, मी महिनाभर प्रत्येक वेळी एकाच दिशेने येत राहिलो, ढिम्म फरक नाही. दुसरा म्हणाला कागद लावून कर, आम्ही तेच केलं आयुष्यभर. आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त आशेने गेलो त्याने लांबूनच बघून "खेळणं आहे रे, विकतचा आण" म्हणून विषय संपवला. अहो निदान हातात तरी घ्यायचा!

तुम्ही आल्या आल्या हातात घेतलात. जॉबच्या कडेवरून नख फिरवून आधी बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत कड, काढायला लावली आणि मग विचारलंत, "कोलेटमध्ये घालताना ह्याची कुठली बाजू पुढे ठेवतोस?" मला प्रश्नच कळेना, गोल वस्तूला बाजू कसली. तुम्ही काही समजावलं नाहीत. टेकवायला लावलंत, लाइट लागला, टेबलच्या हँडलवरचा डायल शून्यावर केला. थोडं मागे घेऊन स्पिंडल हाताने अर्धा फिरवलात, म्हणालात आता परत टेकव. शून्य आलं, लाइट नाही. एक घर, दोन घरं... आठव्या घराला लागला. 0.02 मिमीची घरं म्हणजे 0.16, त्याचं निम्मं 0.08, निदान एवढं माझं टोक सेंटर सोडून चिकटलं होतं! आणि मी दर वेळी ते वेगळ्याच कोनात घालायचो, त्यामुळे चूकही माझ्याबरोबर गोल फिरत होती. दोन्ही रीडिंगच्या मधलं घ्यायचं, बास.

मला वाटलं आता टोक उपटून नवीन लावायला सांगाल. तुम्ही खिशातला मार्कर काढून बॉडीवर एक ठिपका काढलात, "पहिल्यांदा हा तुझ्याकडे, दुसऱ्यांदा कॉलमकडे." झालं.

पण आभार ठिपक्याचेही नाहीत खरं तर. जाताना तुम्ही बॅगेत चष्म्याची केस शोधत होतात तेव्हा मला ती लाकडी डबी दिसली. तुमचा स्वतःचा फाइंडर, चांगला कंपनीचा, आणि तो तुम्ही तीन तास बॅगेतून काढलाच नव्हतात. तो लावला असता तर माझी प्लेट दहा मिनिटांत झाली असती, आणि माझा फाइंडर ड्रॉवरमध्ये गेला असता तो कायमचाच. मी बघितलं हे तुम्हाला कळलं, तुम्ही चेन लावलीत आणि विचारलंत पाऊस थांबला का. त्या रात्री मला झोप नाही आली काका. ज्यांना येतं असे खूप भेटलेत, पण समोरच्याची वेडीवाकडी वस्तू पुढे ठेवून स्वतःची झाकून ठेवणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

पिना बसतात आता, अंगठ्याने दाबल्या की सुळकन आत. ठिपका मात्र तेलाने सारखा पुसला जातो, मग परत काढतो. तुमचा मार्कर इथेच राहिलाय, आणि मागितलात तरी देणार नाही.