कोयासानची वाट दाखवणाऱ्या ओसाकाच्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. आईला घेऊन जपानला निघालेल्या आणखी कुणाला याचा उपयोग झाला तर चांगलंच.

आमची यादी क्योटो, नारा, निक्को, फुजी अशी लांबलचक होती आणि हाताशी दिवस थोडे. ती वाचून तुम्ही एवढंच विचारलंत, "काकूंना देवळं बघायची आहेत, की देवळात बसायचं आहे?" आईने क्षणभरही विचार केला नाही. बसायचं आहे, म्हणाली. तुम्ही यादीतली बहुतेक नावं खोडलीत आणि कोयासान लिहिलंत, म्हणजे डोंगरावरचं बौद्ध मठांचं गाव. आमच्या सहलीचं जे काही भलं झालं, ते त्या एका प्रश्नामुळे.

ओसाकातल्या नाम्बा स्टेशनहून आगगाडीत बसलो तेव्हा ओसाकात अंगाची काहिली होत होती. हाशिमोतो मागे पडलं आणि गाडी वळणं घेत, बोगद्यांतून डोंगर चढू लागली. शेवटी गोकुराकुबाशीहून पाच मिनिटांची केबल कार. वर, आठशे मीटरवर, आईने पिशवीतून शाल काढली. बसचा पहिला थांबा न्योनिनदो. बायकांना डोंगरावर बंदी होती तेव्हा त्या इथवर येऊन बाहेरूनच हात जोडायच्या. १८७२ साली सरकारने बंदी उठवली, पण वर प्रत्यक्ष मोकळीक मिळायला पुढे बरीच वर्षं गेली. तिथे उतरायला तुम्ही आवर्जून सांगितलं होतंत. आई त्या लहानशा लाकडी देवळापुढे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "यांच्या वाटचं दर्शन आपण घेऊ."

मुक्कामाच्या मठात तुम्ही आधीच फोन करून ठेवला होतात. खाली घातलेल्या गादीवरून आईला उठता येत नाही, पहाटेच्या पूजेला मांडी घालता येत नाही, हे आम्ही कोणत्या भाषेत सांगणार होतो? पूजेच्या दालनात तिच्यासाठी खुर्ची मांडलेली होती. समोर वेदीवर अग्नी पेटला, समिधा पडू लागल्या, मंत्र सुरू झाले. सगळे मंत्र कळले नाहीत, तरी आईचे हात आपोआप जोडले गेले.

जेवणाची धास्ती तर विचारूच नका. त्याआधी शहरात शाकाहारी म्हणून पुढे आलेल्या सूपातही माशाचा अर्क निघायचा. तुम्ही जपानीत लिहून दिलेली चिठ्ठी त्या दिवसांत आम्हाला पासपोर्टइतकीच जपावी लागली. मठात मात्र ती काढायची वेळच आली नाही. मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणही नाही. सूपाला चव समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंबीची. तिळाचं, टोफूसारखं मऊ गोमा-दोफू आईला इतकं आवडलं की वाढणाऱ्या तरुण भिक्षूला तिने मराठीत आशीर्वाद दिला.

आणि ओकुनोइन, म्हणजे इथली जुनी स्मशानभूमी. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी (जपानी देवदार) वृक्ष आणि दोन लाखांहून अधिक समाध्या व स्मारकं. सोळाव्या शतकात एकमेकांशी वारंवार लढलेले सरदार ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन इथे एकाच वाटेवर आहेत. वाळवी मारण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी मेलेल्या वाळवीसाठी उभारलेलं स्मारकसुद्धा आहे! जुन्या दगडी स्तूपांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरं कोरलेली दिसली. कोयासानची स्थापना करणारे भिक्षू कूकाई ८०४ मध्ये चीनला गेले, तिथे त्यांनी प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडून संस्कृतचे धडे घेतले, हे तुम्ही सांगितलं होतंत म्हणूनच आम्ही तिथे थांबून नीट पाहिलं.

सकाळी साडेदहाच्या आत कूकाईंच्या समाधीपुढच्या शेवटच्या पुलापाशी पोहोचा, असं तुम्ही बजावलं होतंत. भिक्षू पांढऱ्या लाकडी पेटीतून नैवेद्य घेऊन आले. कूकाई ८३५ साली गेले असं इथे कुणी मानत नाही. ते ध्यानात बसले आहेत, म्हणून रोज दोनदा त्यांना ताट जातं. मला हे समजावून सांगावं लागेल असं वाटलं होतं. आई म्हणाली, "म्हणजे आपल्या माउलींसारखी संजीवन समाधी." आणि पदर डोक्यावर घेऊन ती पूल ओलांडून गेली.

तुम्ही आमच्या तारखा १३ ऑगस्ट गाठेल अशा हलवल्यात, तेव्हा मी थोडी कुरकुरले होते. त्या संध्याकाळी त्याच वाटेवर लोक आपल्या पितरांसाठी सुमारे एक लाख मेणबत्त्या लावतात. आईने बाबांच्या नावाने एक लावली. शेजारच्या जपानी आजींनी आपल्या ज्योतीने ती पेटवून दिली. बाबा गेल्यापासून आई त्यांच्याविषयी फारसं बोलत नसे. त्या रात्री मठाच्या खोलीत उशिरापर्यंत बोलत राहिली. ताई, हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नाही.

आता आईचा निरोप. कार्तिक वद्य त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा असतो. आमच्या घरापासून आळंदी जवळ आहे. तुम्ही इतकी वर्षं तिकडे आहात, या वेळी सुट्टी काढून याच. गर्दी फार असते, पण कुठे उभं राहिलं म्हणजे नीट दर्शन होतं, हे आईला पक्कं ठाऊक आहे. जेवायला पिठलं-भाकरी आणि तुम्हाला आवडतो तो ठेचा.

तुमची,
काकूंची लेक