स्नॅपशॉटवर विसंबू नका

महोदय,

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हर्च्युअल मशीन) चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये विकत घेतली आणि महिन्याभरातच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी आणली. म्हणून आमच्या महाविद्यालयाचे सर्व्हर आम्ही तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर नेले. केव्हीएम या लिनक्समधल्या आभासी मशीनच्या सुविधेवर चालणारी ही मुक्त प्रणाली इतरांनीही जरूर पाहावी, आवृत्ती ८.२ पासून ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या प्रणालीवरची मशीन थेट आयात होतात. (विंडोजमध्ये आभासी डिस्क ओळखणारा व्हर्टआयओ ड्रायव्हर मात्र आधी घाला, नाहीतर त्या डिस्कवरून ते बूट होत नाही.)

खरी काळजी वाटते ती स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनच्या एका क्षणाच्या स्थितीच्या जपलेल्या नोंदीची. अनेक ठिकाणी स्नॅपशॉटलाच बॅकअप समजतात. तो मूळ मशीनच्याच स्टोरेजवर असतो. स्टोरेज गेले की तोही गेला. विद्यार्थ्यांच्या गुणांची नोंद त्याच्या भरवशावर ठेवणे मला अक्षम्य वाटते. बॅकअप वेगळ्या यंत्रावर घ्या आणि दर महिन्याला एखादे मशीन बॅकअपमधून खरोखर रिस्टोअर करून, चालू होते का ते तपासा.

– एक सिस्टीम अ‍ॅडमिन, इचलकरंजी