टास्कबार गेला म्हणून फॉरमॅट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकाच्या पडद्यावरची खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, दिसेनासा झाला किंवा स्टार्टचा मेनू उघडेना, की सोलापुरातल्या पेढ्यांत, कारखान्यांच्या ऑफिसांत आणि क्लासेसमध्ये ‘विंडोज उडाले, फॉरमॅट मारा’ (म्हणजे विंडोज असलेला सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाका) असा निकाल लगेच लागतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. टास्कबार, डेस्कटॉपवरची चिन्हे आणि फोल्डरच्या खिडक्या हे सारे ‘विंडोज एक्सप्लोरर’ हा एकच प्रोग्रॅम दाखवतो. तो अडकला की पट्टी जाते. टॅलीतले हिशेब, बिले, फायली जिथल्या तिथे असतात.

म्हणून आधी तोच नव्याने सुरू करावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यादीतल्या ‘विंडोज एक्सप्लोरर’वर उजवे क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडावे. पडदा क्षणभर कोरा होतो आणि पट्टी परत येते. यादीत हे नावच नसेल तर ‘रन न्यू टास्क’ निवडावे (विंडोज १० मध्ये ते ‘फाइल’ मेनूत असते), चौकटीत एक्सप्लोरर हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर द्यावा. मात्र पेन ड्राइव्हवर कॉपी चालू असेल तर ती आधी संपू द्यावी, नाहीतर मध्येच तुटते.

कित्येकदा बिघाड झालेलाच नसतो. ब्राउझरमध्ये चुकून एफ ११ दाबले गेले की पट्टी झाकली जाते. तेच बटण पुन्हा दाबले की परत येते. प्रोजेक्टर लावताना ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडले गेले असेल तर विंडोजचे बटण आणि पी दाबून ते बदलावे. विंडोज १० मध्ये टास्कबार लॉक नसला तर माउसच्या ओढीने तो बाजूला किंवा वर जाऊन बसतो, कधी तळाशी केसाएवढी रेघ होऊन राहतो. त्या रेघेवर माउस नेऊन दुहेरी बाण दिसला की वर ओढावे आणि मग उजव्या क्लिकने ‘लॉक द टास्कबार’ला खूण करावी. मॉनिटरऐवजी टीव्ही जोडला असेल तर दोष टीव्हीचा असू शकतो. तो चित्र थोडे मोठे करून कडा कापतो आणि खालची पट्टी नेमकी त्यातच जाते. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असतो, तो लावावा.

आपल्या शहरात एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि तेलुगू कीबोर्ड असणे नवलाचे नाही. तिथे डावे ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की भाषा बदलते, बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो आणि ‘कीबोर्ड खराब झाला’ असे वाटते. लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते. हा त्रास कायमचा थांबवायचा तर सेटिंग्जमध्ये ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ शोधून ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये ‘नॉट असाइन्ड’ करावे. स्टार्टच्या शोधचौकटीत अक्षरच उमटत नसेल तर सीटीएफमॉन (ctfmon) हा छोटा प्रोग्रॅम बंद पडलेला असू शकतो. विंडोज आणि आर दाबून त्याचे नाव इंग्रजीत लिहिले आणि एंटर दिला की तो चालू होतो. संगणक ‘वेगवान’ करणारी फुकट सॉफ्टवेअरे त्याला बंद करून ठेवतात. अशी सॉफ्टवेअरे टाकूच नयेत.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ कडे वळणाऱ्यांना मधोमध आलेले स्टार्ट बटण खटकते. टास्कबारवर उजवे क्लिक, ‘टास्कबार सेटिंग्ज’, ‘टास्कबार बिहेव्हियर्स’ असे जाऊन अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करावे. तिथेच बटणे एकत्र करण्याच्या पर्यायात ‘नेव्हर’ निवडले की प्रत्येक खिडकीचे नाव वेगळे दिसते. दहा बिले एकदम उघडी ठेवणाऱ्याला याचा फार उपयोग आहे. ही सोय ११ मध्ये २०२३ च्या अपडेटने आली. फाइलवर उजवे क्लिक केल्यावर जुना, पूर्ण मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून क्लिक करावे.

पडदाभर इशारा आला, टास्कबार झाकला गेला आणि ‘या नंबरवर फोन करा’ असे दिसले, तर ती निव्वळ फसवणूक असते. फोन करू नये. एस्केप दाबून धरावे, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

एवढे करूनही जमले नाही तर सेटिंग्जच्या ‘अकाउंट्स’मध्ये नवा युजर तयार करून त्यात शिरावे. तिथे टास्कबार नीट चालत असेल तर विंडोज शाबूत आहे, बिघाड जुन्या युजरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज आणि फायलींच्या कप्प्यात, आहे. वीज जाऊन संगणक धाडकन बंद पडला की प्रोफाइलच्या फायली अशा बिघडू शकतात. फायली नव्या युजरमध्ये आणल्या की काम भागते.

फॉरमॅटचे खरे नुकसान नंतर कळते. ‘डेटा डी ड्राइव्हवर आहे’ म्हणणाऱ्यांचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बहुधा सी ड्राइव्हवरच असतात. छपाईवाल्यांचे जुने मराठी फॉन्ट, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, ब्राउझरमधले पासवर्ड हेही त्याबरोबर जातात. दुरुस्ती करणाऱ्या बंधूंना विनंती आहे की फॉरमॅटआधी वरचे कोणते उपाय करून पाहिले, ते बिलावर दोन ओळींत लिहावे. आणि ग्राहकांनी ते मागून घ्यावे.

आपला,
संगणक दुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक,
सोलापूर