पाणी कोणी दाखवले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील कॅनिंग स्टॉक रूट या गुरे हाकण्याच्या जुन्या वाटेवरचा प्रवासलेख वाचला. गेल्या जुलैत मुलाबरोबर मीही ही वाट केली, म्हणून लिहिते आहे.

विलुना ते हॉल्स क्रीक, सुमारे 1,850 किलोमीटर. वाळूच्या टेकड्या नऊशेच्या आसपास. टायरमधली हवा उतरवायची, टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावे म्हणून गाडीला उंच काठीवर झेंडा लावायचा. हे सगळे लेखात छान आले आहे. पण ‘कॅनिंगने पाणी शोधले’ हे वाक्य मनाला लागले.

1906च्या पाहणीत ही वाट आखणाऱ्या अल्फ्रेड कॅनिंग या सर्वेक्षकाच्या माणसांनी तिथल्या मूळ रहिवासी मार्तू लोकांना पकडले, गळ्यात साखळ्या घातल्या आणि पाण्याच्या जागा दाखवायला लावल्या. 1908 मध्ये चौकशी आयोग बसला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने तिथे मान्य केले, तरी तो निर्दोष सुटला. मग 1910 पर्यंत गुरे हाकण्यासाठी या वाटेवर विहिरी बांधून झाल्या.

मी माण तालुक्यातली. पाण्याची किंमत मला कोणी सांगायला नको. दुरुस्त केलेल्या एका विहिरीवर मुलाने रहाट फिरवला, बादली वर आली, मी ओंजळीने प्यायले. गार पाणी. शेजारी गुरांची लांबलचक डोणी, कोरडी. आमच्याकडे पाणाड्याला नारळ देऊन मान देतात. तिथे त्याला साखळी मिळाली.

पुढच्या रविवारी मार्तूंचे नाव अवश्य छापावे, ही विनंती.

– एक वाचक, दहिवडी (जि. सातारा)